एकदा फिरून विचार व्हावा

नवी दिल्लीत रायसीना टेकडीवर राष्ट्रपती भवन उभे आहे. त्या एका वास्तूत 340 दालने आहेत. राष्ट्रपती एखाद्या मोठ्या समारंभास निघाले, की उंचापुऱ्या घोड्यांवर आरूढ झालेले अंगरक्षक त्यांच्या मागेपुढे चालू लागतात. भूदल, नौदल व वायुदल या तिन्ही दलांचे सरसेनापतिपद त्यांच्याकडे असते. संसदेने संमत केलेल्या विधेयकावर त्यांची स्वाक्षरी झाल्यावाचून ते कायदा होत नाही. पंतप्रधान, राज्यपाल, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश या सर्वांच्या नेमणुका त्यांच्याच सहीने होतात. हे सारे वैभव पाहून एखाद्यास वाटेल, की या देशात राष्ट्रपती म्हणतील ती पूर्व दिशा असणार!

प्रत्यक्षात तसे मुळीच नाही. राष्ट्रपती आपल्या मनाने एखादा कर बसवू शकत नाहीत, की एखादा कर उठवू शकत नाहीत. ते सैन्याला आपण होऊन कूच करण्याचा हुकूम देत नाहीत. पंतप्रधान व त्यांचे मंत्रिमंडळ जो सल्ला देईल, त्या सल्ल्याप्रमाणे राष्ट्रपतींनी वागावे, अशी भारताच्या राज्यघटनेची योजना आहे. संसदेत अभिभाषण करताना ते 'माझे सरकार' असे म्हणतात खरे. पण त्या भाषणातील मजकूर त्या सरकारनेच ठरवून दिलेला असतो.

घटनाकारांनी असे का केले असेल? 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घटनेचा मसुदा घटनासमितीपुढे विचारार्थ मांडला. त्या वेळच्या भाषणात त्यांनी या प्रश्नाचा उलगडा केला होता. इंग्लंडच्या राजाचे तेथील राज्यव्यवस्थेत जे स्थान, तेच भारतात राष्ट्रपतींचे. ते राष्ट्राचे प्रमुख आहेत, कारभाराचे नव्हेत. ते राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतात, राष्ट्रावर राज्य करीत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कारभार ज्यांनी करावयाचा, ते पंतप्रधान व मंत्री संसदेला दररोज जाब देण्यास बांधलेले असतात. लोकसभेचा विश्वास उडाला, की त्यांना पायउतार व्हावे लागते. राष्ट्रपतींना असा रोजचा जाब कोणी विचारीत नाही. ज्याला जाब विचारता येत नाही, त्याच्या हाती कारभार सोपविणे लोकशाहीत धोक्याचे होय.

मग राष्ट्रपती हवेतच कशाला? केवळ सही करण्यासाठी एवढा मोठा माणूस बसवावयाचा काय?

जुन्या एकत्र कुटुंबांत याच्यासारखी एक गोष्ट पाहावयास मिळे. घरातील वृद्ध आजोबांनी व्यवहारातून अंग काढून घेतलेले असे. तिजोरीच्या किल्ल्या कर्त्या मुलाकडे गेलेल्या असत. पेरणी केव्हा करावयाची, बैल कोणाचे घ्यावयाचे, हे मुलगाच ठरवी. तरीही शेताचा एखादा तुकडा विकावयाचा झाला, की तो कागद आधी आजोबांपुढे येई. आजोबा चष्मा पुसून तो कागद सावकाश वाचीत आणि एवढेच म्हणत, "बाळ, घाई तर होत नाही ना?" पुष्कळदा तेवढ्याने काम होई. मुलगा रात्रभर विचार करी आणि सकाळी सौदा मोडी. कधी तो आपल्या मतावर ठाम राही आणि मग आजोबा निमूटपणे सही करीत. आजोबांच्या हाती सत्ता नव्हती. पण त्यांच्या त्या एका प्रश्नाला वजन होते. आणि ते वजन त्यांच्या वयापेक्षा त्यांच्या निःस्वार्थी वर्तनामुळे आलेले असे. घर आणि देश यांत अंतर फार, हे खरे. पण राष्ट्रपतिपदाचे मर्म समजण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्यापुढे हा प्रश्न आरंभीच उभा राहिला. 1951 मध्ये हिंदू कायद्यात सुधारणा करणारे विधेयक संसदेपुढे होते. ते त्यांना मान्य नव्हते. आपल्या बुद्धीला जे पटेल त्याप्रमाणे वागण्याचा अधिकार आपणास असावा, असे त्यांनी पंतप्रधान पंडित नेहरू यांना लिहून कळविले. महान्यायवादी सेटलवाड यांचा सल्ला घेण्यात आला. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, असे मत त्यांनी दिले. राजेंद्रबाबूंचा मोठेपणा असा, की त्यांनी हा वाद हट्टाने विकोपास नेला नाही. पुढे 1955 मध्ये हिंदू विवाहाचा कायदा संमत होऊन आला, तेव्हा त्यावर त्यांनीच स्वाक्षरी केली.

परंतु केवळ सल्ल्याप्रमाणे वागणे एवढेच राष्ट्रपतींचे काम मानले, तर त्यातून काय अनर्थ होऊ शकतो, हे 25 जून 1975 च्या रात्री दिसून आले. त्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी देशात आणीबाणी पुकारण्याची शिफारस राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे केली. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. मंत्र्यांना ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. राष्ट्रपतींनी रात्रीच सही केली. पहाट होण्यापूर्वीच विरोधी पक्षांच्या पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली, वृत्तपत्रांवर बंधने आली आणि नागरिकांचे अनेक हक्क स्थगित झाले. ही स्थिती 1977 पर्यंत राहिली. त्या रात्री राष्ट्रपतींनी "मंत्रिमंडळाचा निर्णय कोठे आहे?" एवढाच प्रश्न विचारला असता तर? इतिहासात अशा 'तर'ला उत्तर नसते. परंतु देशाला तो प्रश्न विसरता आला नाही.

1976 मध्ये, म्हणजे आणीबाणी चालू असतानाच, बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणेच वागले पाहिजे, असे तिने स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले. पूर्वी जो संकेत होता, तो आता लिखित नियम झाला. पुढे सरकार बदलले आणि 1978 मध्ये संसदेने चव्वेचाळिसावी दुरुस्ती संमत केली. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविला गेल्यावाचून आणीबाणी पुकारता येणार नाही, असे तिने ठरविले. त्याखेरीज तिने आणखी एक लहानसे वाक्य घटनेत घातले. मंत्रिमंडळाने दिलेला सल्ला राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतील. मात्र फेरविचारानंतर तोच सल्ला पुन्हा आला, तर त्यांना तो मानावाच लागेल. संसदेच्या विधेयकांविषयीही असाच अधिकार घटनेत आरंभापासूनच होता.

एकदा! केवळ एकदाच 'फिरून विचार करा' असे म्हणण्याचा हा अधिकार. वाचताना तो अगदी क्षुल्लक वाटतो. त्याचा उपयोग किती होऊ शकतो, हे ज्यांनी दाखवून दिले, ते भारताचे दहावे राष्ट्रपती कोच्चेरिल रामन नारायणन होत.

नारायणन यांचा जन्म केरळातील उळवूर या खेड्यात 1920 मध्ये एका दलित कुटुंबात झाला. घर गवताने शाकारलेले होते. वडील देशी औषधोपचार करीत. मिळकत बेताची आणि खाणारी तोंडे पुष्कळ. शाळेसाठी नारायणन यांना भाताच्या खाचरांतून दररोज सुमारे 15 किलोमीटर चालावे लागे. फी वेळेवर भरणे जमत नसे. फी थकली, की वर्गात बसण्याची मनाई होई आणि हा मुलगा वर्गाबाहेर उभा राहून आतला पाठ ऐके. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यांचा वडील भाऊ दम्याच्या विकारामुळे घरीच असे. तो इतर मुलांची पुस्तके मागून आणी, हाताने त्यांच्या नकला करी आणि त्या धाकट्या भावाला देई. राष्ट्रपती भवनापर्यंतच्या प्रवासात त्या आजारी भावाच्या दुखऱ्या बोटांचा वाटा किती मोठा होता, याचा हिशेब कोणत्याही ग्रंथात सापडावयाचा नाही.

पुढे त्रावणकोर विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात ते पहिल्या वर्गात एम. ए. झाले. काही काळ त्यांनी वृत्तपत्रांत वार्ताहराचे काम केले; त्या दिवसांत, 1945 मध्ये, मुंबईत त्यांनी महात्मा गांधींची मुलाखतही घेतली होती. नंतर टाटांच्या साहाय्याने ते लंडनला गेले आणि तेथे हॅरॉल्ड लास्की या नामवंत अध्यापकांच्या हाताखाली त्यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला.

लंडनहून परततानाची एक हकीकत नारायणन स्वतः सांगत असत. लास्की यांनी आपण होऊन पंडित नेहरूंच्या नावे त्यांना एक परिचयपत्र दिले होते. दिल्लीस आल्यावर नारायणन यांनी नेहरूंची भेट मागितली. संसद भवनात भेट झाली. लंडनविषयी काही जुजबी बोलणे झाले आणि भेटीची वेळ संपत आली. नारायणन उठले, नमस्कार केला आणि निघता निघता ते पत्र त्यांनी नेहरूंच्या हाती ठेवले. संसद भवनाच्या त्या प्रशस्त वर्तुळाकार ओवरीतून ते अर्ध्या वाटेवर गेले असतील नसतील, तोच मागून टाळ्यांचा आवाज आला. वळून पाहतात, तो स्वतः नेहरू त्यांना परत बोलावीत होते! "हे पत्र आधी का दिले नाही?" असे नेहरूंनी विचारले. जाताना दिले तरी पुरे होईल असे वाटले, अशा अर्थाचे उत्तर त्या तरुणाने दिले. दुसरा कोणी असता, तर त्याने ते पत्र दारातच पुढे केले असते. 1949 मध्ये नारायणन परराष्ट्र सेवेत दाखल झाले. चीन व अमेरिका या देशांत ते भारताचे राजदूत होते. 1984 पासून तीन वेळा केरळातून ते लोकसभेवर निवडून आले, 1992 मध्ये उपराष्ट्रपती झाले आणि 25 जुलै 1997 रोजी त्यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. या शपथेत घटनेचे जतन, रक्षण व संरक्षण करण्याचे वचन असते. मंत्र्यांच्या शपथेत घटनेविषयी निष्ठेचे वचन असते, रक्षणाचे नसते. हा भेद लहान दिसला, तरी तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

शपथ घेऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच कसोटीची घटका आली.

ऑक्टोबर 1997 मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंग मुख्यमंत्री होते. त्यांना साथ देणाऱ्या पक्षाने पाठिंबा काढून घेतला. राज्यपालांनी त्यांना विधानसभेत बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. 21 ऑक्टोबरला सभागृह भरले आणि तेथे लोकप्रतिनिधींना न शोभणारा प्रकार घडला. ध्वनिक्षेपक उपटून एकमेकांवर फेकण्यात आले. कित्येक सदस्य जखमी झाले. विरोधी सदस्य सभागृहाबाहेर पडले. त्यानंतर मतदान होऊन 425 सदस्यांच्या त्या सभागृहात कल्याणसिंग यांना 222 मते पडली. राज्यपालांनी मात्र राज्यात राष्ट्रपती राजवट आणावी, असा अहवाल केंद्राला पाठविला. दिल्लीत पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांच्या मंत्रिमंडळाने तीच शिफारस करून कागद राष्ट्रपतींकडे धाडला.

राष्ट्रपती राजवट हे नाव थोडे फसवे आहे. तीत राष्ट्रपती राज्य करीत नाहीत. लोकांनी निवडलेले राज्य सरकार दूर होऊन राज्याचा कारभार केंद्र सरकारच्या हाती जातो. घटनेने ही तरतूद अगदी निकराच्या प्रसंगासाठी ठेवली होती. परंतु दिल्लीतील निरनिराळ्या पक्षांच्या सरकारांनी ती 1994 पर्यंत नव्वदहून अधिक वेळा वापरली. पुष्कळदा कारण एवढेच, की राज्यातील सरकार विरोधी पक्षाचे असे. मार्च 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई यांच्या खटल्यात निर्णय दिला, की सरकारला बहुमत आहे की नाही याचा निवाडा राजभवनात व्हावयाचा नाही, तो सभागृहात व्हावयाचा.

मंत्रिमंडळाचा कागद नारायणन यांच्यापुढे आला, तेव्हा जुन्या वहिवाटीप्रमाणे सही करणे सर्वांत सोपे होते. त्यांना कोणी दोष दिला नसता. सभागृहातील हाणामारी साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली होती आणि तिच्याविषयी सर्वत्र संताप होता. पण संताप ही एक गोष्ट आणि घटना ही दुसरी. सभागृहात मोजणी झाली होती. बहुमत दिसले होते. 22 ऑक्टोबर 1997 रोजी नारायणन यांनी तो कागद फेरविचारासाठी परत पाठविला. राष्ट्रपती राजवटीची शिफारस अशा रीतीने परत जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

आता मंत्रिमंडळाच्या हाती दोन मार्ग होते. तीच शिफारस पुन्हा पाठविली असती, तर दुसऱ्या खेपेस राष्ट्रपतींना सही करावीच लागली असती. घटनेत तसा नियम होता. म्हणजे हिशेबाने पाहता बळ मंत्रिमंडळाकडेच होते. परंतु राष्ट्राच्या प्रमुखाने सकारण 'थांबा' असे म्हटल्यावर ती गोष्ट रेटणे मंत्रिमंडळाला अवघड झाले. तोच सल्ला पुन्हा दिला, तर संसदेत व न्यायालयात कोणते तोंड दाखवावयाचे? मंत्रिमंडळाने फिरून विचार केला आणि शिफारस सोडून दिली. उत्तर प्रदेशातील सरकार टिकले.

त्यावर एखाद्याने म्हणावे, की नारायणन यांना त्या राज्यातील पक्षाविषयी आपुलकी असेल. वर्ष उलटण्याच्या आतच या शंकेचे उत्तर मिळाले. सप्टेंबर 1998 मध्ये पारडे नेमके उलटे झाले होते. उत्तर प्रदेशात ज्या पक्षाचे सरकार वाचले, तोच पक्ष आता दिल्लीत सत्तेवर होता आणि अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान होते. बिहारात राबडीदेवी यांचे सरकार विरोधी पक्षाचे होते. तेथील गैरकारभाराचे कारण देऊन त्या राज्यात राष्ट्रपती राजवट आणण्याची शिफारस वाजपेयी मंत्रिमंडळाने केली. राबडीदेवींच्या सरकारला विधानसभेत बहुमत होते. 25 सप्टेंबर 1998 रोजी नारायणन यांनी हाही कागद परत पाठविला. त्या दोन कागदांखाली पक्षांची नावे निराळी होती. तराजू एकच होता. त्या वेळेपुरता वाजपेयी सरकारनेही आग्रह धरला नाही.

पण ही कथा येथेच थांबत नाही आणि ती सर्वस्वी सरळही नाही. 1999 च्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत बिहारातील दलित वस्त्यांवर सशस्त्र टोळ्यांनी हल्ले केले. शंकरबिघा व नारायणपूर या गावी निरपराध माणसे मारली गेली. मंत्रिमंडळाने राष्ट्रपती राजवटीची शिफारस पुन्हा केली. 12 फेब्रुवारी 1999 रोजी नारायणन यांनी तीवर स्वाक्षरी केली. आता परिस्थितीही पालटली होती आणि घटनेचा नियमही तसाच होता. ज्या गवताच्या घरात ते जन्मले होते, तशीच ती घरे होती. सही करताना त्यांच्या मनात काय आले असेल, ते त्यांनाच ठाऊक. पुढे लोकसभेने या राजवटीला संमती दिली, पण राज्यसभेत सरकारपाशी बहुमत नव्हते. तेथे संमती मिळणार नाही असे दिसताच सरकारने मार्च महिन्यात ती राजवट मागे घेतली आणि राबडीदेवी पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. राष्ट्रपतींचा प्रश्न, मंत्रिमंडळाचा निर्णय, संसदेचे मत असे एकामागून एक दरवाजे घटनेने का बसविले आहेत, हे या एका प्रकरणात स्वच्छ दिसते. एका दारातून गेलेली गोष्ट दुसऱ्या दारात अडते. त्यामुळे वेळ जातो, हे खरे. पण निवडून आलेले सरकार एका रात्रीत नाहीसे होत नाही.

सगळ्याच राष्ट्रपतींनी या मर्यादित अधिकाराचा वापर सारख्याच रीतीने केला असे नाही. नारायणन यांच्यापूर्वी, 1986 मध्ये, संसदेने टपालाविषयी एक विधेयक संमत केले. त्याप्रमाणे लोकांची खाजगी पत्रे अडवून ठेवण्याचा व्यापक अधिकार सरकारला मिळणार होता. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठविले नाही. विधेयकावर किती दिवसांत सही करावयाची, याची मुदत घटनेत घातलेली नाही, हे त्यांनी हेरले होते. त्या विधेयकाचा कायदा कधीच झाला नाही. पत्रलेखकांच्या दृष्टीने हे बरेच झाले. पण काहीच न बोलता कागद दडवून ठेवणे ही रीत मोकळेपणाची म्हणता येणार नाही. डॉ. अब्दुल कलाम यांनी 2006 मध्ये उलट रीत पत्करली. खासदारांनी लाभाची कोणती पदे स्वीकारावीत, याविषयीचे विधेयक त्यांनी उघडपणे परत पाठविले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा संमत केले आणि घटनेप्रमाणे कलाम यांनी त्यावर सही केली. त्यांचा प्रश्न त्या वेळी यशस्वी झाला नाही. पण तो नोंदला गेला.

नारायणन यांची विशेष रीत अशी, की महत्त्वाचा निर्णय घेतल्यावर आपण तो का घेतला, हे ते निवेदन काढून जनतेस सांगत. सल्ला परत पाठविण्याचा अधिकार घटनेने दिला होता. कारणे सांगण्याची सक्ती कोणी केली नव्हती. मार्च 1998 मध्ये निवडणुकीनंतर कोणत्याही पक्षास स्पष्ट बहुमत नव्हते. अशा वेळी पंतप्रधान कोणास नेमावे, हे राष्ट्रपतींना स्वतःच्या बुद्धीने ठरवावे लागते. नारायणन यांनी वाजपेयींकडून त्यांना पाठिंबा देणाऱ्या पक्षांची लेखी पत्रे मागविली, खात्री करून घेतली आणि मगच त्यांना नेमले. पुढल्या वर्षी एका पक्षाने पाठिंबा काढून घेतला, तेव्हा त्यांनी वाजपेयींना लोकसभेचा विश्वास पुन्हा मिळविण्यास सांगितले. 17 एप्रिल 1999 रोजी मतदान झाले. सरकारच्या बाजूने 269 आणि विरुद्ध 270! एका मताने सरकार पडले. देशाचे पंतप्रधान कोण, हे त्या दिवशी राष्ट्रपतींनी ठरविले नाही. ते लोकसभेने ठरवावे, अशी व्यवस्था मात्र त्यांनी केली.

27 जानेवारी 2000 रोजी प्रजासत्ताकाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात समारंभ झाला. घटनेचा फिरून विचार करण्यासाठी एक आयोग नेमावा, असा तेव्हा सरकारचा मानस होता. नारायणन भाषणास उभे राहिले. घटना आपल्या उपयोगी पडली नाही, की आपणच घटनेच्या उपयोगी पडलो नाही, याचा आधी विचार करू या, असा प्रश्न त्यांनी पंतप्रधान व खासदार यांच्यासमोरच उपस्थित केला. पुढल्या महिन्यात आयोग नेमला गेला खरा. पण घटनेची मूळ चौकट अबाधित राखूनच त्याने शिफारशी कराव्यात, असे त्याच्या कार्यकक्षेत लिहिलेले होते. शिफारशीवर फेरविचार मागण्याचा अधिकार राष्ट्रपतींना एकदाच आहे. पण बोलण्याची संधी पुष्कळदा येते. पाच वर्षांत वाटेल त्या विषयावर बोलणारा मनुष्य त्या संधी वाया घालवितो. नारायणन मोजके बोलत. म्हणूनच त्यांचे एक वाक्य साऱ्या देशात गाजले.

आपण कारभार चालविणारे राष्ट्रपती नाही आणि केवळ शिक्का मारणारेही नाही. घटनेच्या चौकटीत राहून काम करणारे राष्ट्रपती आहोत, अशा आशयाचे वर्णन ते स्वतःचे करीत. 25 जुलै 2002 रोजी त्यांची मुदत संपली. 9 नोव्हेंबर 2005 रोजी ते दिल्लीत निधन पावले.

त्यांच्या कारकिर्दीतील एक प्रसंग मात्र सांगावयाचा राहिला. त्यांच्या आधीचे राष्ट्रपती लोकसभेच्या निवडणुकीत मतदान करीत नसत. राष्ट्रपती कोणत्याच पक्षाचे नव्हेत, तेव्हा त्यांनी मतही देऊ नये, असा संकेत रूढ झाला होता. फेब्रुवारी 1998 मध्ये निवडणूक आली. राष्ट्रपती भवनाच्या आवारातच एक शाळा आहे. तेथे मतदान केंद्र उघडले होते. मतदानाच्या दिवशी नारायणन तेथे गेले. लोकांची रांग लागलेली होती. 340 दालनांच्या त्या घरातील सत्याहत्तर वर्षांचे रहिवासी रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि आपली पाळी आल्यावर मत देऊन शाळेच्या बाहेर पडले.